डाव्या खांद्यावरची थाप

हात खिशात घातले, एवढंच तिने केलं होतं.

सकाळचे साडेसात वाजले होते आणि थंडी अशी की हातमोज्यांतूनही बोटं ठणकत होती. मोटारसायकलवर मागे बसलेल्या तिने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात कोंबले आणि नवऱ्याच्या पाठीआड डोकं घातलं. छापखान्याच्या कोपऱ्यावर डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाली बाई बाहेर आली. हळू आली, घंटी वाजवत आली, अंगात भडक पिवळा कोट घालून आली. कुणाच्याही नजरेत भरली असती. नवऱ्याने वेग तसूभरही कमी केला नाही.

मागून बायको किंचाळली तेव्हा कुठे ब्रेक लागला. मागचं चाक फरफटत गेलं, गाडी तिरकी झाली आणि सायकलचं पुढचं चाक त्यांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबलं. सायकलवालीने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "डोळे आहेत की शर्टाची बटणं?" असं विचारलं आणि थरथरत निघून गेली.

नवऱ्याने हेल्मेटची काच वर केली, मान मागे वळवली आणि बायकोला विचारलं, "झोपली होतीस का गं?"

"नाही हो. हात गारठले होते."

"मग सांगायचं ना तसं," तो म्हणाला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चिडला नव्हता. त्याचा आवाज कापत होता.

त्याने तिला डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि तो त्याच्या कारखान्यात गेला. कारखान्यात लेथ मशीनवर तीस वर्षं घासून तो फोरमन झाला होता, आणि तेव्हापासून सगळं जग त्याला फोरमनच म्हणायचं. सख्खी बहीणसुद्धा. बायकोही, लाडात आली की.

ती हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर एका अंधाऱ्या खोलीत काम करायची. तिथे एक यंत्र होतं. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं. पेशंटने त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी लावायची आणि मधल्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. कुठले दिवे दिसले आणि कुठले नाही, यावरून माणसाची बाजूची नजर किती शिल्लक आहे ते कळतं. अकरा वर्षं हेच काम. हॉस्पिटलात तिला 'मशीनताई' म्हणायचे.

त्या दिवशीचा पहिला पेशंट ट्रकवाला होता. "ताई, मला सगळं लख्ख दिसतं. लायसन्सच्या कागदाला पाहिजे म्हणून आलो," असं म्हणत त्याने हनुवटी टेकवली. बटण टकटक वाजायला लागलं. मग दिवे डावीकडे सरकले आणि बटण गप्प झालं. ती पडद्यावर बघत होती. दिवा लागला, विझला. लागला, विझला. ट्रकवाला मख्ख बसून होता, आणि चेहऱ्यावर समाधान असं, की सगळं लख्ख दिसतंय.

त्या शांततेत तिला सकाळचं वाक्य आठवलं. झोपली होतीस का गं?

मागे बसणारी बाई झोपली तर पुढे चालवणाऱ्याचं काय अडतं?

तिने टेबलाची कड धरली.

झालं होतं असं. लग्नानंतर दोघांनी पहिली मोटारसायकल घेतली, ती जुनी होती आणि तिला डावा आरसा नव्हता. तेव्हा दोघांनी एक पद्धत काढली. डावीकडून काही आलं की तिने त्याच्या डाव्या खांद्यावर थाप द्यायची, उजवीकडून आलं की उजव्या, आणि दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे थांब. नंतर आरसा आला. ती गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली. थाप तेवढी राहिली. सव्वीस वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली की थाप दिल्याचं तिला कळायचंही नाही. नणंद चिडवायची, "वहिनी, तबल्याच्या कितव्या परीक्षेला बसलीस?" लोक म्हणायचे, काय जोडी आहे, गाडीवरसुद्धा एकमेकांशी बोलतात. लोकांचं काय जातं बोलायला.

आणि आता एकोणीस दिवसांनी ते निघणार होते. देशाच्या या टोकाच्या समुद्रापासून त्या टोकाच्या डोंगरांपर्यंत आणि दुसऱ्या रस्त्याने परत. चोपन्न दिवस. हे लग्नाच्या वर्षापासून ठरलेलं होतं. आधी सासूबाईंचं अंथरूण, मग लेकीचं शिक्षण, मग फोरमनच्या कारखान्यातला संप, असं दर वेळी काहीतरी आडवं आलं. या वर्षी दोघांच्या रजा मंजूर झाल्या. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर नकाशा लागला. त्यावर लाल पेन्सिलीची रेघ. गाडीला दोन बाजूंना पेट्या बसवल्या. लेक फोनवर म्हणाली, "या वयात हनिमून? मला लाज वाटेल असं काही करू नका." बाप म्हणाला, "तू तुझं बघ. आम्ही फोटो पाठवणार नाही."

ट्रकवाला गेल्यावर तिने बाकीचं आठवायला सुरुवात केली, आणि एकेक गोष्ट अशी समोर येऊन उभी राहिली जशी काही इतके दिवस दाराबाहेर ताटकळत होती. चहा ओतताना तो हल्ली कपाच्या बाहेर ओततो. ती हसायची, "म्हातारे झालात." दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदाच आपटतो. सोफ्यावर तो डाव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे. गेल्या पावसाळ्याआधी त्याने कारखान्यातलं आपलं मशीन हलवून डाव्या भिंतीला लावून घेतलं होतं आणि सांगितलं होतं की तिथे उजेड चांगला आहे.

आणि तिची स्वतःची करणी. दोन वर्षांपूर्वी तिने अक्षरांचा तक्ता घरी आणला होता, मस्करीत. दारावर टांगून नवऱ्याला उभं केलं. त्याने शेवटची ओळ धडाधड वाचली. तिने कागदावर 'नजर गरुडाची' असं लिहून सही ठोकून दिली. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावलं होतं! परक्या माणसांचा एकेक डोळा झाकून तपासणारी ही बाई. घरच्याचा एक डोळा झाकायचं तिला सुचलं नाही.

पण अजून खात्री नव्हती. खात्री नसली की माणूस स्वतःला काहीबाही समजावतो. थंडी होती, काचेवर वाफ धरली असेल, सायकलवालीच अचानक आली असेल.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो नकाशासमोर उभा होता. तिने हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि अनवाणीच बाहेरच्या खोलीत आली. त्याच्या डाव्या बाजूला. हाताच्या अंतरावर. काही बोलली नाही.

"अगं, ऐकतेस का?" तो स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला. "बाराव्या दिवशी मुक्काम बदलावा म्हणतो. घाट संध्याकाळी नको."

ती तिथेच होती. त्याच्या शर्टाचा तेलकट वास तिला येत होता. नुसता हात लांब केला असता तर त्याच्या कानाला लागला असता.

"ऐकू येतंय का? की नळ चालू आहे?"

सव्वीस वर्षांच्या नवऱ्याशेजारी ती भुतासारखी उभी होती. आपण आहोतच ना, असं क्षणभर तिने स्वतःला चाचपून बघितलं.

मग त्याने जे केलं, ते बघायला ती तयार नव्हती. त्याने उजवा तळहात उचलला आणि उजव्या डोळ्यावर ठेवला. दाबून, नीट. तसाच नकाशाकडे बघत राहिला. डाव्या हाताचं बोट भिंतीवर पुढे पुढे सरकलं, चुकलं, नकाशाची कड सोडून चुन्यावर गेलं. लाल रेघ शोधत होतं. सापडली नाही. त्याने हात खाली घेतला, एक उसासा सोडला आणि रोज दाढी करावी तशा सवयीने पेन्सिल उचलून कामाला लागला.

म्हणजे त्याला माहीत होतं. आज नाही, कधीपासूनचं माहीत होतं.

ती मागच्या पावली स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, "काय म्हणालात? नळ चालू होता."

नवऱ्याचा डोळा गेल्याची भीती वेगळी. नवरा जाणूनबुजून आपल्याला मागे बसवून, गर्दीतून, घाटातून, ट्रकांच्या रांगांतून नेणार आहे, याची भीती वेगळी. पहिल्या भीतीत रडू येतं. दुसरीत येत नाही.

तरी ती बोलली नाही. चार दिवस बोलली नाही. तुम्ही म्हणाल, का? 'आज बोलते' असं तिने स्वतःलाच दहा वेळा म्हटलं. पण बोललं की ते खरं होणार होतं. बोललं की भिंतीवरचा नकाशा उतरणार होता. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःची लाज वाटत होती. रोज तीस लोकांची नजर मोजणारी बाई, आणि घरात हे? ही लाजच तिचं तोंड दाबून बसली होती. माणसं मरतात ती अशा लाजेपायी, आणि लोक नंतर म्हणतात, नशीब.

रविवारी सकाळी सामानासकट चाचणीची फेरी ठरली होती. जास्तीची क्लचवायर, ट्यूब, हवेचा पंप, तंबू, स्टोव्ह, सगळं भरून शहराबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. ती मागे बसली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण शेजारचे काका कौतुकाने गेटपर्यंत आले आणि टाळ्या वाजवायला लागले.

त्या दिवशी पहिल्यांदा तिचं आपल्या हाताकडे लक्ष होतं. डावीकडून रिक्षा आली, हात आपोआप उठला, थाप पडली, आणि त्याच क्षणी गाडी उजवीकडे सरकली. क्षणाचाही विलंब नाही. आरशात बघणं नाही, मान वळवणं नाही. डावीकडे म्हातारा उभा होता, थाप, गाडी सरकली. कुत्रं, थाप. दार उघडणारी मोटार, थाप. तिने मोजायला सुरुवात केली आणि एकतीसवर सोडून दिलं. गाडी तीच चालवत होती. गेलं दीड वर्ष, दोन वर्षं, देव जाणे किती दिवस, तीच चालवत होती, बाजारहाटाच्या गप्पा मारत, मध्येच जांभई देत, कधी फोन काढून वेळ बघत. फोन काढला तेव्हा काय काय डावीकडून गेलं असेल? कोण कोण वीतभर अंतराने वाचलं असेल आणि त्यांना पत्ताही नसेल?

नजर एका ठिकाणी ठरेना. एक थाप चुकली तर कुणीतरी मरणार होतं, आणि ते तिच्या हातून. पेट्रोल पंप आला तेव्हा तिचा डावा हात खांद्यापासून आखडून गेला होता.

ती उतरली. त्याने पेट्रोल भरलं, चाकांची हवा बघितली, पेट्या हलवून बघितल्या. खुशीत होता. "एक नंबर! डुलत नाही अजिबात. चल, बस."

"मी बसणार नाही."

"काय झालं? पोटात दुखतंय का?"

"मी बसणार नाही. तुम्ही जा."

"अगं आठ-नऊ किलोमीटर आहे. चालत येणार आहेस का?"

"येईन. तुम्ही एकटे जा ना. तीस वर्षं गाडी चालवताय."

तो तिच्याकडे बघत राहिला. पूर्ण मान वळवून. मग त्याने हेल्मेटची काच खाडकन खाली पाडली, गाडी चालू केली आणि पंपाच्या बाहेर जायच्या तोंडाशी नेऊन उभी केली. घरी जायचं तर रस्ता ओलांडून उजवीकडे वळायचं होतं. त्याने डावीकडे मान वळवली. उजवीकडे वळवली. पुन्हा डावीकडे. रस्ता रिकामा झाला. तो निघाला नाही. दोन मोटारी गेल्या, पुन्हा रस्ता रिकामा झाला. तो निघाला नाही. मागे एक टेम्पो येऊन थांबला, त्याने भोंगा वाजवला. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, जा की! मुहूर्त काढताय का?"

फोरमनची मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे हलत होती. पाय जमिनीवर रोवलेले. टेम्पोवाला खिडकीतून ओरडायला लागला. ती लांबून बघत होती आणि तिला वाटत होतं, जाऊ नका, जाऊ नका, जाऊ नका.

त्याने इंजिन बंद केलं.

ती पळत गेली. दोघांनी मिळून गाडी ढकलत बाजूला हवेच्या मशीनजवळ आणली. तो खाली कठड्यावर बसला, हेल्मेट काढलं. कपाळावर घाम, एवढ्या थंडीत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"फोरमन, माझ्याशी खोटं बोलाल तर इथेच आरडाओरडा करीन. त्या संध्याकाळी नकाशापाशी मी तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही डोळा झाकलात तेव्हा."

त्याने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. "दीड वर्ष झालं. आधी धूसर होतं. आता डावीकडे... काही नाहीच. काळंसुद्धा नाही. नाहीच."

"दाखवलंत कुणाला?"

"कुणाला दाखवू? तुझ्या हॉस्पिटलात? किल्ली काढून घेतली असतीत सगळ्यांनी मिळून. एकदा जाऊन येऊ म्हटलं. मग दाखवणारच होतो."

"आणि मी मागे."

"तू होतीस म्हणून तर," तो म्हणाला आणि वर बघितलं. त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून तिला बरं वाटेल. "तुझा हात कधी चुकत नाही. माझ्या दोन डोळ्यांपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे."

तिने त्याच्या हातातलं हेल्मेट हिसकावून घेतलं. मारायलाच घेतलं होतं, पण नुसतंच छातीशी धरून उभी राहिली. "मला विचारलंत? चोपन्न दिवस मी तुमचा डोळा व्हायचं आणि मलाच पत्ता नाही? माझा हात खिशात होता, ती बाई मेली असती! पिवळा कोट होता हो तिचा. पिवळाधमक! तिच्या घरी काय सांगितलं असतंत? बायकोला थंडी वाजली?"

"मला दिसला नाही कोट," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मला आत्तापर्यंत माहीतही नव्हतं तो पिवळा होता."

तिने हेल्मेट त्याच्या मांडीवर ठेवलं. पंपावरच्या माणसाने दोघांकडे बघितलं आणि शहाणपणाने पाठ फिरवली. गाडी सामानासकट तिथेच ठेवून ते बसने घरी आले. बसमध्ये ती त्याच्या डावीकडे बसली.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांतला दाब मोजला, आत बॅटरी मारून बघितलं. "काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "आतला दाब वाढतो, नस सुकत जाते. दुखत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. मशीनवर बघू या किती उरलंय. ताई, दुसऱ्या कुणाला बसवू का मशीनवर?"

"मीच बसते," ती म्हणाली.

अंधाऱ्या खोलीत तिने त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. हनुवटीखालचा पट्टा वर घेतला. "पिवळ्या ठिपक्याकडे बघा. नजर हलवायची नाही. दिवा दिसला की दाबा."

"ठिपका कुठे आहे?" तो म्हणाला.

तिने यंत्र चालू केलं. सहा मिनिटांत बटण चारदा वाजलं. हे तिला अपेक्षित होतं. ते तिने गिळलं.

मग पट्टी दुसऱ्या डोळ्यावर. आता ती खरी घाबरली. तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. उजवा. सगळं त्याच्यावर होतं. टक. टक. टक. तो नीट दाबत होता, लेथवर उभा असल्यासारखा, एकाग्र. टक. टक. तिचा श्वास मोकळा व्हायला लागला. मग दिवे वरच्या बाजूला, नाकाकडच्या अंगाला गेले. लागला, विझला. शांतता. पुन्हा लागला. शांतता. खाली आला, टक. पुन्हा वर गेला. शांतता.

तिने तोंडावर हात ठेवला. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक काळा डाग हळूहळू भरत होता, नखाएवढा.

यंत्र थांबलं. "झालं?" त्याने विचारलं. हनुवटी अजून पट्ट्यावरच. "किती उरलंय?"

अकरा वर्षांत तिने एकाही पेशंटला काही सांगितलं नव्हतं. तो तिचा अधिकारच नव्हता, आणि त्यामागे लपायला बरं पडायचं.

"डावा गेला," ती म्हणाली. "परत येणार नाही."

"ते मला माहीत आहे. उजवा सांग."

"सुरुवात झालीय."

खोलीत यंत्राच्या पंख्याचा घरघर आवाज येत होता.

"म्हणजे तोही जाणार?"

"आजपासून थेंब टाकले, रोज, न चुकता, तर कदाचित नाही. दीड वर्षापूर्वी आला असतात तर हा डागच नसता." तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "दीड वर्ष एकट्याने भीती खाल्लीत, मला घासभरसुद्धा दिली नाहीत! गाडी बंद. कायमची. कारखान्यात सांगायचं. लेकीला मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं."

"सांगतो."

"आज."

"आज सांगतो." मग त्याने यंत्रातल्या त्या पांढऱ्या पोकळीतच, तिच्याकडे न बघता विचारलं, "मी चुकून नुसताच दाबत होतो का गं कुठे? दिसलं नसताना? म्हणजे खरा डाग आणखी मोठा असेल का?"

तिने यंत्रातून आलेला कागद बघितला. चुकीची दाबणी यंत्र वेगळी मोजतं. तिने तो आकडा दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा डोळ्यांतल्या पाण्याने दिसला नाही.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही खोटं दाबलेलं नाहीत."

दारावर पुढच्या पेशंटने टकटक केली. ती उठली नाही.